अडीचशे ट्रे आणि साडेचारशेचा भाव

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही आकडे कळतील. तुम्ही एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) १२ बाय ८ इंची ट्रेवर वारली शैलीत हाताने रंगकाम करता. प्रदर्शनात आणि इन्स्टाग्रामवर एक ट्रे ८५० रुपयांना जातो. पुण्याच्या एका कंपनीने दिवाळीच्या भेटीसाठी २५० ट्रे मागितलेत, त्यावर त्यांचा लोगो हवा, आणि हातात सहा आठवडे आहेत. भावही त्यांनीच सांगून टाकलाय, ४५०. "एवढी क्वांटिटी देतोय, निम्म्यात द्यायला काय हरकत आहे?" मदतीला तुमच्याकडे एकच मुलगी आहे. ऑर्डर घ्यावी का, आणि घ्यायची तर कितीला?

४५०ला घेऊ नका. ५७५ सांगा आणि ताणलंच तर ५५५वर थांबा. आता हे आकडे कुठून आले ते सांगते, कारण उद्या कोणी ट्रेऐवजी चहाच्या किटल्या मागेल तेव्हा तुम्हाला परत हिशेब करायचाच आहे.

मी डहाणूच्या बाजूला सतरा वर्षं हेच काम करते. पिशव्या, किटल्या, कोस्टर, ट्रे, एकदा तर एका रिसॉर्टच्या खोल्यांचे चाळीस दरवाजे. या सगळ्यात एक गोष्ट नीट कळली. घाऊकात माल स्वस्त पडतो हा मशीनचा न्याय आहे. साचा एकदा बनला की हजारावा कप पहिल्यापेक्षा स्वस्त पडतो. हाताच्या कामात दोनशेपन्नासाव्या ट्रेवरच्या बाईचा अंबाडा काढायला तेवढाच वेळ लागतो जेवढा पहिल्या ट्रेवर लागला होता. उलट मान अवघडलेली असते म्हणून जरा जास्तच.

तुम्ही कळवलेले आकडे घेऊनच बघू. सुटा एक ट्रे करताना घासून प्रायमर मारायला ८ मिनिटं, बेसचे दोन हात १०, चित्र ४५, लोगो ५, व्हार्निश ८, बघणं आणि पॅकिंग ९. झाली ८५ मिनिटं. अडीचशे एकत्र केले की तयारीचं काम ओळीने होतं. वीस ट्रे मांडले, एकदम प्रायमर मारला, तो सुकेपर्यंत दुसरे वीस घासले. त्यामुळे तयारी ५, बेस ६, व्हार्निश ५, पॅकिंग ७, लोगो ४ एवढ्यावर येतं. चित्र मात्र फार तर ४५चं ४० होतं. बेरीज ६७. म्हणजे वाचली १८ मिनिटं, आणि त्यातली १३ रंगकामाबाहेरची. घाऊकाची बरकत म्हणतात ती एवढीच.

मजुरी तासाला १५० धरा. तुमचीसुद्धा. हे सांगायला लागतं, कारण आपल्यातल्या दहाजणींपैकी नऊजणी स्वतःची मजुरी शून्य धरून बसलेल्या मी पाहिल्यात. "घरचंच काम आहे, रात्री बसून करते." रात्री बसून करायचं तर जास्त लावा, कमी कशाला? असो. ६७ मिनिटांचे होतात साधारण १६८ रुपये. कोरा ट्रे तुम्हाला एकेक घेताना १३०ला मिळतो, अडीचशे घेतले तर १०५ला देतो म्हणाला दुकानदार. रंग, प्रायमर, व्हार्निश ३०. खोका आणि बबल रॅप ३२. साहित्य झालं १६७. मजुरी आणि साहित्य मिळून ३३५. यावर ५ टक्के नासधूस, म्हणजे १७ रुपये. ही धराच. एमडीएफचा कोपरा फुगतो, कोणाचा तरी हात ओल्या रंगावर पडतो, मांजर चालून जातं (हसू नका, माझ्याकडे अकरा किटल्यांवर गेलं होतं). वीज, भाडं, फोन, रिक्षा यांचे नगामागे ४०. इथपर्यंत ३९२.

आता उरले ते खर्च जे ऑर्डरला एकदाच लागतात. नमुने, लोगो छापायची स्क्रीन, दोनदा पुण्याला जाणं, शंभर व्हॉट्सॲप. सगळे मिळून ६,००० धरले तर २५० नगांवर २४ रुपये पडतात. तुमचा खरा खर्च ४१६.

म्हणजे ४५०ला घेतलात तर नगामागे ३४ रुपये उरतात. धरलेल्या नासधुशीपलीकडे आणखी पंचवीस ट्रे बिघडले किंवा पैसे तीन महिने अडकले की ते ३४ही गेले. माझा नियम असा, की विक्रीच्या भावात चौथा हिस्सा नफा असला पाहिजे. ४१६ला पाऊणाने भागा, ५५५ येतात. समोरचा घासाघीस करणारच, म्हणून ५७५ सांगायचे.

तुम्ही विचाराल, मग ८५०चं काय? एवढी सूट का द्यायची? तर ८५०मध्ये तुमचा बनवायचा खर्च ४६५च्या आसपास आहे. वरच्या पैशांतून प्रदर्शनाचं टेबल-भाडं जातं, दिवसभर उभं राहणं जातं, न खपलेला माल घरी आणून ठेवणं जातं, एकेक ट्रे कुरियर करणं जातं. अडीचशे एकाच दारात गेले की हे सगळं वाचतं. सूट द्यायची ती या वाचलेल्या पैशांतून. मजुरीतून एक पैसाही नाही. हा फरक डोक्यात पक्का असला की फोनवर बोलताना आवाज लटपटत नाही.

बरं, नग वाढले की भाव उतरत जातो हेही एका टप्प्यापर्यंतच. याच हिशेबाने ५० ट्रेला ६८३ येतात, १००ला ६०३, २५०ला ५५५. आता ५०० करून बघा. एकदाचा खर्च नगामागे १२वर आला खरा, पण आता तुम्हाला दोन नव्या मुली लागतील. नव्या हाताची नासधूस ५ नाही, ८ टक्के धरा, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला तुमचा ब्रश खाली राहील त्याचे नगामागे १५ तरी लावा. हिशेब परत ५७२वर जातो. म्हणून माझ्या कोटेशनमध्ये ५०, १०० आणि २५० अशा तीनच ओळी असतात. त्याखाली लिहिलेलं असतं: "२५०च्या पुढे भाव तोच, दिवस जास्त."

दिवसांचं तर अजून बघितलंच नाही. २५० गुणिले ६७ मिनिटं म्हणजे साधारण २७९ तास. माणूस आठ तास बसला तरी ब्रश सहाच तास चालतो. म्हणजे एका माणसाचे साडेसेहेचाळीस दिवस. सहा आठवड्यांतला पहिला आठवडा नमुना पास होण्यात जाईल, शेवटचा पॅकिंग आणि गाडीत. मधले चार आठवडे, रविवार सोडून चोवीस दिवस. दोघींचे मिळून अठ्ठेचाळीस. बसतंय, पण कडेलोटावर. एक ताप आला की संपलं. आणि त्या चोवीस दिवसांत तुमची स्वतःची दिवाळीची विक्री बंद. गेल्या दिवाळीत प्रदर्शनातून खर्च जाऊन तुम्हाला किती सुटले ते वहीत बघा. ते पंधरा हजार असतील तर नगामागे ६० रुपयांचं नुकसान तुम्ही आधीच सोसताय. मी ते भावात चढवत नाही, पण ४५०ला नाही म्हणताना मला ते आठवतं.

आमच्याकडे यात आणखी एक मेख आहे. माझ्याबरोबर काम करणारे बहुतेकजण जव्हार, विक्रमगडच्या पाड्यांवरचे. दिवाळीच्या ऑर्डरी आणि भातकापणी एकदमच येतात. कापणी लागली की कोणी ब्रश धरत नाही, आणि धरावा असं मी म्हणतही नाही. म्हणून आमचं दिवाळीचं रंगकाम नवरात्राच्या आत उरकायचं असं ठरलेलं आहे. तुमची मदतनीस कोणत्या दिवशी गावाला जाणार ते आजच विचारा, ऑर्डर घेतल्यावर नाही.

आता सगळ्यात कामाची युक्ती. भाव कमी करायचा दबाव येतो तेव्हा भाव उतरवू नका, चित्र उतरवा.

मी नगावर नाही, आकृत्यांवर हिशेब करते. वारलीत हे सोपं पडतं. टोकाला टोक लावून दोन त्रिकोण, त्याला डोकं, हात, पाय, बाई असेल तर अंबाडा. सरावलेल्या हाताला एका आकृतीला मिनिटभर लागतं. ताडाचं झाड पाच-सहा मिनिटं, कारण झावळीच्या बारीक रेघा. झोपडी चार. तारपा नाच, म्हणजे मधे तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणारा आणि भोवती वीस-बावीस जणांचा वेटोळा, यात पंचवीस मिनिटं सहज जातात, शिवाय हातात हात नीट गुंफायचे. तर मी गिऱ्हाइकापुढे तीन ट्रे ठेवते. एकावर तारपा, झाड आणि झोपडी. दुसऱ्यावर बारा आकृत्यांची भातलावणी. तिसऱ्यावर एका कोपऱ्यात बैलगाडी आणि चार माणसं, बाकी मोकळा गेरू रंग. तिसऱ्याला १५ मिनिटं लागतात. तुमच्या हिशेबात ४०ची १५ केली की खर्च ४१६वरून ३५०वर येतो आणि भाव ४६७वर. म्हणजे साहेबांचा आकडा जवळपास आला!

फोनवर एवढंच म्हणायचं: "साहेब, साडेचारशेच्या आसपास बसतं की. पण मग तारपा नाही बसत, बैलगाडी बसते." माझा अनुभव असा की निम्मे लोक तिथेच पैसे वाढवतात. उरलेल्यांना बैलगाडी खरंच आवडते, आणि मोकळी जागा जास्त असलेला तो ट्रे दिसतोही छान. (लग्नाचा चौक मात्र मी चहाच्या ट्रेवर काढत नाही, कितीही देऊ केले तरी. त्यात पालघाट देवी असते, तिच्यावर कप ठेवायचे नाहीत. हे माझं झालं, तुमचं तुम्ही ठरवा.) आणि हो, तुम्ही किंवा तुमची मदतनीस वारली समाजातली नसाल तर कार्डावर "वारली शैलीतलं हातकाम" असं लिहा. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रेघांसाठी. दुसऱ्याच्या नावावर आपण माल विकू नये.

लोगो हाताने रंगवायला हो म्हणू नका. वर हिशेबात त्याला ४ मिनिटं धरली आहेत, पण लोगोतलं इंग्रजी अक्षर एक मिलिमीटर हललं तरी कंपनीच्या ब्रँडिंगवाल्याला ते दिसतं. तुमची माणसं जरा वेगवेगळी नाचली तर तो त्याला कला म्हणतो, लोगो वेगळा आला की रिजेक्ट. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून ट्रेच्या मागच्या बाजूला छापून घ्या, नाहीतर खोक्यातल्या कार्डावर घाला.

हे मी शिकले ते पैसे मोजून. धंद्याचं तिसरं वर्ष होतं. मुंबईच्या एका कंपनीने ४०० कापडी पिशव्या सांगितल्या, ११० रुपये नग. मी आनंदात कागदावर काही घेतलंच नाही, सगळं फोनवर. १६० पिशव्या रंगवून झाल्यावर त्यांनी लोगोखालची ओळ बदलली. मी म्हटलं, या १६०चे पैसे? तर उत्तर आलं, "मॅडम, फायनल तुम्हाला कुठे दिलं होतं?" खरंच दिलं नव्हतं. त्या १६० पुन्हा नव्याने रंगवल्या. ॲडव्हान्स घेतला नव्हता, म्हणून भिशी उचलून पोरींची मजुरी भागवली. दिवाळीच्या मालाचे पैसे संक्रांत उलटल्यावर आले. आमच्या घरी भाजी अजून त्याच पिशव्यांतून येते.

त्यानंतर माझं कोटेशन एका पानाचं झालं, आणि प्रत्येक ओळीमागे एक जखम आहे. नमुन्याचे १,२०० रुपये आगाऊ, ऑर्डर आली तर बिलातून वजा. नमुने दोन सारखे करायचे, एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे, दोन्हीच्या मागे त्यांच्या माणसाची सही आणि तारीख. फोटोवर पास करून घ्यायचं नाही, कारण त्यांच्या मोबाइलवर गेरू चॉकलेटी दिसतो आणि नंतर "कलर वेगळा आला" सुरू होतं. सहीनंतर बदल हवा असेल तर झालेल्या नगांचे पूर्ण पैसे. "हाताचं काम असल्याने नगानगांत थोडा फरक राहील" हे वाक्य ठळक अक्षरांत. तारीख "दिवाळीआधी" अशी नाही, तर "नमुन्यावर सही आणि ॲडव्हान्स जमा झाल्यापासून कामाचे ३० दिवस" अशी. सही करायला ते दहा दिवस लावतील, ते तुमच्या खात्यातून जायला नकोत.

पोचवायचं कुठे, हेही लिहा. पुण्याच्या ऑफिसच्या दारात एका टेम्पोत देणं वेगळं आणि २५० घरांच्या पत्त्यांवर कुरियर करणं वेगळं. दुसरं काम ते शेवटच्या आठवड्यात सहज म्हणून सांगतात, एक एक्सेल पाठवून देतात. त्याचा नगामागचा दर आताच वेगळा लिहून ठेवा.

ॲडव्हान्स अर्धा. ५७५च्या हिशेबाने बिल १,४३,७५० होतं, त्याचे अर्धे ७१,८७५. तुमचं साहित्य ४१,७५०चं आणि मजुरी ४१,८७५ची, म्हणजे अर्ध्यात सगळं साहित्य आणि बरीचशी मजुरी निघते. समजा ऑर्डर मधेच बारगळली तरी तुम्ही घरचे दागिने मोडणार नाही. बिलाचे आणखी चाळीस टक्के माल निघायच्या आधी, उरलेले दहा टक्के पोचल्यावर.

मोठ्या कंपन्या म्हणतात, आमच्यात ॲडव्हान्स बसत नाही, साठ दिवसांनी पेमेंट. इथे उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, कामाला येते. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, कोणाला पैसे देऊ नका. उत्पादक म्हणून नोंदवा, व्यापारी म्हणून नको. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. आणि १ एप्रिल २०२४पासून अशी उशिराने दिलेली रक्कम कंपनीला आयकरासाठी त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच ती वजावट मिळते. त्यांच्या अकाउंट्सवाल्याला हे पाठ असतं. बिलावर उद्यम क्रमांक छापा, बाकी काही बोलायची गरज पडत नाही. तरीही अडलंच तर सरकारी पोर्टलवर पैसे अडकल्याची तक्रार करता येते. मी एकदाच केली. पैसे आले, गिऱ्हाईक गेलं.

जीएसटी क्रमांक नसेल तर घाबरून ऑर्डर सोडू नका. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, आणि पुणे राज्यातच आहे. ते म्हणतील, आम्हाला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळणार नाही. पण भेट म्हणून वाटलेल्या वस्तूंवरच्या कराचं क्रेडिट त्यांना सहसा तसंही मिळत नाही. हे नम्रपणे सांगा. नोंदणी असेल तर मात्र भावापुढे "जीएसटी वेगळा" लिहायला विसरू नका. परराज्यात पाठवायचं झालं तर आधी सीएला विचारा.

कमी भावात मी कधीच घेत नाही असं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतावर काम नसतं, माणसं मोकळी असतात, आणि कंपन्यांना मार्चअखेर बजेट संपवायचं असतं. तेव्हा मी चौथ्या हिश्श्याऐवजी पंधरा टक्क्यांवर काम करते, तुमच्या आकड्यांत ते ४९० होतात. दिवाळीत मात्र नाही. "या वेळी कमी करा, पुढच्या वर्षी हजार नगांची ऑर्डर देऊ" यावर तर अजिबात नाही. त्याला मी म्हणते, हजारची द्या तेव्हा या वर्षीची सूट त्या बिलात लावून देते. आजवर एकानेही ती मागितलेली नाही.

तर उद्या त्यांना फोन करायच्या आधी एक करा. दहा कोरे ट्रे घ्या, घड्याळ लावा आणि दोन दिवसांत सलग रंगवा. तुम्ही लिहिलेली ४५ मिनिटं एका ट्रेची आहेत, ताज्या हाताची. मला हवाय दहाव्या ट्रेचा वेळ. तो ४०च्या आसपास आला तर ५७५ बिनधास्त सांगा. ५० निघाला तर ६१० सांगा, नाहीतर झावळ्या काढून टाका.